2400 रुपये, आठ रविवार आणि एक उत्तर कोरिया

आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचं नाही ते इथूनच परत फिरतील. जळगावला नवीन बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, स्पर्धा परीक्षेचा एक क्लास आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी आहेत आणि मला उगाच कोणाशी भांडण नकोय. त्यांची आंतरराष्ट्रीय संबंधांची रविवारची बॅच मी पूर्ण केली. आठ रविवार, फी 2400, वर मटेरियलचे 300 वेगळे, जे ऍडमिशन घेताना कोणी सांगत नाही, दुसऱ्या रविवारी सांगतात, म्हणजे तोपर्यंत तुम्ही अडकलेले असता. पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले अडीच एकट्या पाचव्या रविवारचे आहेत.

मी पारोळा तालुक्यातला. दोनदा पूर्व परीक्षेत गचकलो, घरी वावर आहे, कपाशी आणि मका, आठवडाभर तेच. रविवारी सकाळची एस्टी पकडायची, एरंडोल, पाळधी करत जळगाव, बस वेळेवर आली तर साडेनऊला पोचतो, नाही आली तर नाही. क्लास दहाचा, सुरू होतो साडेदहाला, कारण सर नाशिकहून येतात आणि त्यांची गाडी पण आपल्यासारखीच. हे मी माफ केलं.

पहिले चार रविवार अगदी साधे गेले. संयुक्त राष्ट्रं, अलिप्तता, सार्क, पीपीटीवरचं जसंच्या तसं वाचून दाखवणं, ते तर मी घरी खाटेवर पडून पण वाचू शकतो. तिसऱ्या रविवारी मी जवळजवळ सोडणारच होतो, फक्त फी परत मिळत नाही म्हणून टिकलो.

आता नोट्सबद्दल, इथे माझं डोकं खरंच फिरलं. 300 रुपयांत स्पायरल केलेली झेरॉक्स, आणि त्यात छापलंय की उत्तर कोरियाच्या अणुप्रश्नावर सहा देशांची बोलणी "सुरू आहेत". अरे, ती बोलणी 2003 ला बीजिंगमध्ये सुरू झाली आणि 2009 ला उत्तर कोरिया उठून गेला तो परत टेबलावर आलाच नाही! म्हणजे नोट्स किती जुन्या आहेत बघा. अणुचाचण्या पण पाचच लिहिल्यात, सहावी 3 सप्टेंबर 2017 ची गायब. आणि नकाशा, तो तर कमाल. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून इतका काळा झालाय की यालू नदी दिसतच नाही, तुमेन पण नाही, चीन आणि उत्तर कोरिया मिळून एकच काळा डाग. मी सरांना दाखवलं तर सर हसले आणि म्हणाले, "असू दे, बऱ्याच लोकांच्या डोक्यात पण असाच नकाशा आहे." मग फळ्यावर स्वतः काढला. मी निळ्या पेनानं त्या डागावरच दोन नद्या ओढून घेतल्या, अजून आहेत.

तर पाचवा रविवार. सर आल्या आल्या विचारतात, किम जोंग उननं क्षेपणास्त्र सोडलं की टीव्हीवर काय ऐकता? आम्ही सगळे, चीनचं पिल्लू आहे सर, चीननं एक फोन केला तर बंद होईल. हात वर करा ज्यांना हे पटतं. चाळीसच्या आसपास पोरं, सगळ्यांचे हात वर, माझा पण. सर म्हणाले ठीक, दुपारी परत विचारतो. आणि त्यानंतर दोन तास त्या माणसानं एकदा पण पीपीटीकडे बघितलं नाही.

सुरुवात केली यालूवरच्या तुटक्या पुलापासून. चीनकडचं गाव दांदोंग, पलीकडे उत्तर कोरियाचं सिनउइजू, मध्ये नदी. 1950 मध्ये अमेरिकन विमानांनी पूल उडवला, चीनकडचा अर्धा भाग अजून नदीत तसाच उभा आहे, लोक त्याच्या टोकापर्यंत चालत जातात आणि समोरचा देश बघून परत येतात. बाजूच्या दुसऱ्या पुलावरून रेल्वे आणि ट्रक जातात, उत्तर कोरियाचा बराचसा माल तिथूनच. सर म्हणाले या दोन पुलांकडे बघा, तुटलेला पण यांचाच आणि चालू पण यांचाच. मग कोरियन युद्ध. ऑक्टोबर 1950 मध्ये अमेरिकेचं सैन्य वर सरकत यालूच्या दिशेनं निघाल्यावर माओनं फौज उतरवली, नाव दिलं "स्वयंसेवक". चीन स्वतःचाच आकडा 1 लाख 97 हजारांच्या वर मेल्याचा सांगतो. माओचा स्वतःचा मुलगा तिथे मेला, नोव्हेंबर 1950, आणि त्याची कबर पण उत्तर कोरियातच आहे. पुढे 1961 चा करार, एकावर हल्ला झाला तर दुसऱ्यानं लष्करी मदत करायची, दर वीस वर्षांनी वाढत गेला, शेवटचा 2021 ला. ओठ गेले तर दातांना थंडी वाजते, अशी चिनी म्हण आहे म्हणे. आपल्याकडे असं बोललं तर लोक डेंटिस्टचा पत्ता देतील पण मुद्दा कळला, उत्तर कोरिया म्हणजे ओठ.

नंतर पाइपलाइनवर आले आणि इथून मी सरसावून बसलो, कारण हा विषय आपला. दांदोंगहून नदीखालून कच्च्या तेलाची लाइन उत्तर कोरियाच्या रिफायनरीपर्यंत जाते. किती तेल जातं ते चीन सांगत नाही, त्यांच्या कस्टमच्या आकड्यांत 2014 पासून ते दिसतच नाही. 2017 च्या शेवटी संयुक्त राष्ट्रांनी मर्यादा घातली, वर्षाला 40 लाख बॅरल कच्चं आणि 5 लाख बॅरल रिफाइन केलेलं, आणि त्या ठरावाला चीननं पण हात वर केला होता. बाहेरच्या व्यापारातला 90 टक्क्यांच्या वर हिस्सा एकट्या चीनशी. म्हणजे कॉक चीनच्या हातात. मागच्या बाकावरून एक जण बोललाच, "मग फिरवत का नाही सर?" सर म्हणाले, 2003 मध्ये तीन दिवस लाइन बंद पडल्याच्या बातम्या आल्या होत्या, कारण सांगितलं टेक्निकल बिघाड, आणि त्याच वर्षी उत्तर कोरिया बोलणीला आला. पण कायमची का नाही? एक तर ते तेल मेणचट, थंडीत जास्त दिवस उभं राहिलं तर पाइपमध्येच गोठतं असं म्हणतात, म्हणजे एकदा बंद केली तर परत चालू होईलच याची खात्री नाही. (आमच्या ठिबकच्या नळ्या एक सीझन कोरड्या पडल्या तर काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल.) आणि दुसरं कारण सर सांगायच्या आत मला कळलं होतं, कारण आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. त्यांच्या विहिरीला पाणी चांगलं, उन्हाळ्यात पण टिकतं. बांधाला लागून एका नानांचं वावर आहे, त्यांची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते, तर गेली वीसेक वर्षं आप्पांच्या मोटरवरून त्यांना पाणी जातं. आणि हे नाना माणूस म्हणून काय सांगू, कधी बांध कोरतील, कधी आमच्या कपाशीत ढोरं सोडतील, एकदा तर आप्पांच्या घरी लग्नाचे पाहुणे आलेले असताना अंगणात येऊन शिव्या देऊन गेले. मुद्दाम पाहुणे असतानाच. मी त्या दिवशी वावरात गेलो आणि नानांच्या लाइनचा कॉक फिरवून आलो, एकदम घट्ट. संध्याकाळी आप्पा बॅटरी घेऊन स्वतः गेले, चिखलात बसून तो कॉक परत उघडला, मी मागे उभा. मला म्हणाले, "बंद करसू, मंग? त्यानं वावर वाळी, तो इकी टाकी. मंग बांधवर कोन येई, तुले माहीत शे का?" माहीत होतं. प्लॉटिंगवाला येणार होता, दोन वर्षांपासून नानांच्या मागे लागलेला, आणि तो आला असता तर आमचा रस्ता पण गेला असता.

सरांचं दुसरं कारण हेच निघालं. उत्तर कोरिया कोसळला तर लाखो माणसं यालू ओलांडून येणार, अणुबॉम्ब कोणाच्या हातात जाईल कोणी सांगू शकत नाही, आणि सगळ्यात वाईट, दोन्ही कोरिया एक झाले तर आज दक्षिण कोरियात असलेलं अमेरिकेचं सैन्य थेट चीनच्या बांधावर. साधारण 1400 किलोमीटरची सीमा. म्हणून बीजिंगला किम आवडतो असं नाही, किम गेल्यावर जे येईल ते त्यांना परवडत नाही. आणि ही गोष्ट किमला चीनपेक्षा चांगली माहीत आहे. मी आप्पांचं सांगितलं वर्गात. सर म्हणाले बरोबर, फक्त तुमच्या नानांकडे बॉम्ब नाही एवढं लक्षात ठेवा.

पाहुणे असतानाच अपमान करायचा, हा नानांचा हातखंडा, तर त्यावरून सरांनी जी यादी काढली ती मी वहीत उतरवून घेतली, ही नोट्समध्ये सापडणार नाही. डिसेंबर 2015, उत्तर कोरियाचा प्रसिद्ध मुलींचा बँड बीजिंगला आला, कार्यक्रमाला काही तास राहिले असताना सामान आवरून विमानानं परत. तीन-चार आठवड्यांत, 6 जानेवारी 2016 ला, अणुचाचणी. 14 मे 2017, बीजिंगमध्ये शी जिनपिंग यांची बेल्ट अँड रोडची, म्हणजे चीनच्या परदेशातल्या रस्ते-रेल्वे-बंदरांच्या योजनेची, मोठी परिषद, जगभरचे नेते हजर, त्याच सकाळी क्षेपणास्त्र. 3 सप्टेंबर 2017, चीनमध्येच श्यामेनला ब्रिक्सची परिषद सुरू होते, आपले पंतप्रधान पण त्या परिषदेला गेले होते, आणि त्याच दिवशी सहावी अणुचाचणी, सगळ्यात मोठी. त्याआधी 2013 मध्ये चीनशी ज्याचे सगळ्यात जवळचे संबंध होते त्या स्वतःच्या आत्याच्या नवऱ्याला, जांग सोंग थेकला, किमनं मारून टाकलं. चीननं तरी काय कमी केलं म्हणा, 1992 ला दक्षिण कोरियाशी संबंध जोडले आणि स्वतःचा परराष्ट्रमंत्री प्याँगयांगला, म्हणजे उत्तर कोरियाच्या राजधानीत, सांगायला पाठवला, 2014 ला शी आधी सोलला जाऊन आले, प्याँगयांगला पोचायला 2019 उजाडलं. सत्तेवर आल्यापासून सहा वर्षं किम बीजिंगला गेलाच नाही. दोघांमध्ये प्रेम वगैरे शून्य. मात्र मार्च 2018 मध्ये ट्रंपशी भेटायचं ठरल्याबरोबर गाडी बीजिंगकडे वळली, ती हिरवी बख्तरबंद ट्रेन, आणि जूनमध्ये सिंगापूरला गेला तो एअर चायनाच्या विमानानं! भाड्याच्या गाडीतून सासुरवाडीला गेल्यासारखं, पण गाडी कोणाची हे सगळ्यांनी बघितलं, आणि चीनला तेवढंच हवं होतं.

मग जेवणाची सुट्टी. खाली शेवभाजी मिळते, तिखट जास्त, रस्सा परत मागितला तर देतात, हा त्या क्लासचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट.

दुपारी सरांनी बेंच हलवायला लावले आणि सहा देशांची बोलणी करायला लावली. चिठ्ठ्या काढल्या. मला चीन आला. चोपड्याचा एक पोरगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, तो उत्तर कोरिया. भुसावळची एक मुलगी जपान, धुळ्याचा एक जण रशिया. नियम एकच, उत्तर कोरियाला कधीही उठून जायची परवानगी, बाकीच्यांना नाही. सुरू झालं. अमेरिका म्हणते आधी बॉम्ब सोड मग मदत, हा म्हणतो आधी मदत. जपान दर दोन मिनिटांनी आमची पळवलेली माणसं परत करा, जे खऱ्या बोलणीत पण असंच होत होतं, 2002 मध्ये उत्तर कोरियानं 13 जणांना पळवल्याचं कबूल केलेलं आहे. दहाव्या मिनिटाला चोपडा उठला आणि खाली निघून गेला. सगळे माझ्याकडे. अमेरिका मला म्हणते, "तुझा माणूस आहे, आण की." मी म्हटलं माझा कसा? पण सर पण माझ्याकडेच बघत होते.

गेलो खाली. टपरीवर उभा होता, मोबाईल बघत. म्हटलं चल ना भो, सर वाट बघताहेत. तो म्हणतो, "माले काय गरज शे, तूच बलाई राहिना." चहा पाजला. मग भजी मागितली. मग अजून एक चहा, सोबत कोणी मित्र होता त्याचा, त्याच्यासाठी. सत्तर रुपये गेले माझे. वर आला, बसला, पाच मिनिटं गोड बोलला, अमेरिकेनं जरा आवाज चढवला की परत उठला. आणि वर मलाच सगळे बोलले की तुझा काही वचक नाही! दुसऱ्यांदा मी चिडून म्हटलं, जा, नाही आणत. तर धुळ्याचा रशिया, जो इतका वेळ नुसता शेंगदाणे खात बसला होता, तो पुडी घेऊन खाली गेला आणि दहा मिनिटांनी दोघं खांद्यावर हात टाकून वर आले. आणि भो, खरं सांगतो, माझ्या पोटात काहीतरी झालं. सत्तर रुपये मी घालवले आणि दोस्ती याची?

सर टाळ्या वाजवत होते. म्हणाले, हेच 2024. रशियाला युक्रेनसाठी तोफगोळे हवे होते, जूनमध्ये पुतीन प्याँगयांगला गेले, मदतीचा करार झाला, त्याच वर्षी शरद ऋतूत उत्तर कोरियाचे सैनिक रशियातल्या कुर्स्कला लढायला. त्याआधी मार्चमध्ये रशियानं संयुक्त राष्ट्रांत नकाराधिकार वापरून उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर लक्ष ठेवणारी तज्ज्ञांची समितीच संपवली, चीन तटस्थ राहिला. मग चीननं काय केलं, रुसला का? 3 सप्टेंबर 2025 ला बीजिंगच्या संचलनात शी यांच्या एका बाजूला पुतीन, दुसऱ्या बाजूला किम. ऑक्टोबरमध्ये चीनचे पंतप्रधान स्वतः प्याँगयांगला. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात दिसलं की जुना दुकानदार पहिल्यांदा काय करतो, उधारी विसरतो आणि हाक मारतो, तसं.

परत विचारलं, एका फोनवर थांबेल असं कोणाला वाटतं? तीन हात. त्यातला एक झोपेत होता.

जाता जाता सरांनी दोन गोष्टी झटकन सांगितल्या ज्या खरं तर एकेक रविवार द्यायच्या लायकीच्या होत्या. एक नेपाळ, 2015 च्या शेवटी सीमेवर ट्रक अडकले, इंधन संपलं, भारतानं नाकाबंदी केल्याचं नाकारलं पण तिकडे लोकांना पटलं नाही, आणि मार्च 2016 मध्ये नेपाळनं चीनशी मालवाहतुकीचा करार करून टाकला. कॉक कोणी फिरवला यावर वाद घाला, पाणी कुठून आलं ते दिसतंय. दुसरी, 1953 च्या युद्धबंदीनंतर जे युद्धकैदी घरी जायला तयार नव्हते, 22 हजारांच्या वर, त्यांना सांभाळायला भारताची फौज कोरियात गेली होती, प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. मला हे माहीतच नव्हतं. यावर सरांनी चारच मिनिटं दिली, मी घड्याळ बघितलं.

उरलेले तीन रविवार परत पीपीटी. सर तेच, पण जणू दुसराच माणूस. का ते कळलं नाही.

बाकीच्या तक्रारी पटकन. ऍपवर रेकॉर्डिंग मिळेल म्हणाले होते, पाचव्या रविवारचं रेकॉर्डिंगच नाही, सहाव्याचं आहे, ज्याची कोणाला गरज नाही. पंखे चार, चालू दोन. पिण्याचं पाणी जार संपला की संपलं. काउंटरवरच्या मॅडमना नोट्सच्या चुका लिहून दिल्या तर म्हणाल्या पुढच्या बॅचला बघू, म्हणजे पुढच्या बॅचला पण बोलणी "सुरू"च राहणार.

घ्यावा का? मुख्य परीक्षेच्या तयारीत असाल आणि जळगावातच राहत असाल तर घ्या, बाहेरगावहून एस्टीनं येणार असाल तर आधी ऑफिसात विचारा की एकाच रविवारचे पैसे भरून बसू देतात का. मटेरियल घेऊ नका, नकाशा बाहेरून दहा रुपयांचा चांगला मिळतो. खिडकीकडची बाजू पकडा.

आणि चोपडेकर, वाचत असशील तर, सत्तर रुपये. परवा मेसेज केला होता, दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. धुळेवाल्याच्या स्टेटसला मात्र तुमचा दोघांचा फोटो बघितला.